मंगळवारचे कण

"सोनं आहे हे," थान म्हणाला. "तारजोडणीच्या यंत्रातून उडालंय."

"सोनं नाही," मी म्हणाले.

"फांगताई, पिवळं आहे, चमकतंय. मग काय, मक्याचं पीठ आहे?"

थान आमचा विभागप्रमुख. वय एकोणतीस, आणि घाई मात्र साठीला टेकल्यासारखी. मला खुर्चीवरून उठवून तो स्वतः माझ्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला होता. मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

"सोन्याची तार तुटली तर गोल तुकडा दिसतो," मी म्हणाले. "हा चुरगळलेला पापुद्रा आहे. आणि शेजारी ते करडं काय आहे, ते सांग."

"तेच तर तुम्ही मला सांगायचं!" तो उठला. "पाच आठवडे झाले. यंत्र दोनदा उघडून झालं. शुक्रवारी गिऱ्हाइकाची माणसं येणार, त्यांना काय सांगू, मक्याचं पीठ? संध्याकाळी पाचपर्यंत मला कारण हवंय. कारण आणि नाव."

वुहानच्या आमच्या कारखान्यात बोटाएवढी मॉड्यूल्स बनतात. एका बाजूने विजेतून आलेला संदेश आत शिरतो, दुसऱ्या बाजूने प्रकाश होऊन काचेच्या तारेतून निघतो. हजारो संगणक भरलेल्या इमारतींमध्ये म्हणे ती लागतात. मी अशी एकही इमारत पाहिलेली नाही. माझा संबंध फक्त काचेच्या टोकाशी. प्रकाश जायची जागा तिथे केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी असते. तिच्यावर एक कण बसला की माल बाद.

एकोणीस वर्षं मी हे कण बघते आहे. कातडीचा पापुद्रा कसा दिसतो, सुती धागा कसा, वाळलेली थुंकी कशी, हे सगळं माझ्या वहीत चित्रं काढून ठेवलं आहे. घरी मुलगी मला धूळवाली म्हणते. म्हणू दे. न ओळखलेला कण राहिला की मला जेवण जात नाही. दोन महिन्यांपूर्वी एक पोरगी पापण्यांना काळं लावून आत आली होती. मी तो कण दहा मिनिटांत ओळखला, आणि दुपारच्या आत ती गेटाबाहेर गेली. बाहेरची घाण आत आणणाऱ्याला आमच्याकडे दुसरी संधी नसते. मी त्या दिवशी खुशीत घरी गेले होते. पोरीचं नाव आज मला आठवत नाही.

हे नवे कण फक्त मंगळवारी यायचे. बुधवारी कमी, गुरुवारी नाहीतच. मंगळवारी कोणती हवेची जाळी बदलतात, मंगळवारी कुठला माल येतो, सगळं शोधून झालं होतं. आजचा पाचवा मंगळवार.

जेवणाच्या सुट्टीत यिन्हुआच्या टेबलाभोवती नेहमीची गर्दी होती. यिन्हुआ माझ्यासमोरच्या रांगेत बसते, मॉड्यूलमध्ये काचेची तार बसवायचं काम करते. हात इतका हलका की तिचा माल मी कधी परत पाठवल्याचं आठवत नाही. जीभ मात्र अजिबात हलकी नाही. सहा वर्षांपूर्वी तिने नवऱ्याला सोडलं, आणि तेव्हापासून आमचं कॅन्टीन त्या गुओच्या नावाने जेवतं.

"आज काय केलं तुझ्या गुओने?" कोणीतरी काडी लावली.

"तो काय करणार? आळशी तो आळशीच!" यिन्हुआने कमळकंदाचा तुकडा तोंडात टाकला. "एकदा भात चुलीवर ठेवला आणि हे महाशय पत्ते खेळायला गेले. पातेल्याचा कोळसा झाला. मी आल्यावर म्हणतो कसा, जळका भात पोटाला चांगला असतो! मी म्हटलं, मग खा. तर बसला की खात! अख्खं पातेलं खरवडून खाल्लं त्या गाढवाने."

सगळे हसले. थानसुद्धा पलीकडच्या टेबलावर मान खाली घालून हसत होता. यिन्हुआही हसली, आणि हसताना तिच्या भुवईत मला काहीतरी दिसलं.

आत जाताना आम्ही डोक्यावर टोपी चढवतो, तोंडावर मास्क, हातांत मोजे. वाऱ्याच्या झोताखाली उभं राहून अंग झाडून घेतो. उघडे राहतात ते फक्त डोळे आणि भुवया.

"थांब गं, भुवईत घाण आहे तुझ्या," म्हणत मी खिशातली चिकटपट्टी तिच्या भुवईवर दाबली. चिकटपट्टी माझ्या खिशात कायम असते.

"बाई, तुला जेवतानाही धूळच दिसते का?" ती म्हणाली.

मी जेवण अर्धं टाकून उठले. पट्टी मायक्रोस्कोपखाली ठेवली. तोच करडा पातळ तुकडा, आणि त्याला चिकटलेला पिवळा चुरा. मी आनंदाने मांडीवर थाप मारली. राख! आणि पिवळं म्हणजे कागदावरचा मुलामा. मेलेल्यांना तिकडे पैसे पोचावेत म्हणून जाळतात तो सोनेरी कागद!

मग थाप मारलेला हात तसाच राहिला. माणूस गेल्यावर तो कागद आम्ही दर सातव्या दिवशी जाळतो, असे सात वेळा. हा पाचवा.

पण यिन्हुआचं होतं कोण? आईबाप केव्हाच गेलेले. मूल नाही, भाऊ नाही.

तीन वाजताच्या सुट्टीत मी तिला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"कुठे कोण गेलं?"

"यिन्हुआ, तुझ्या भुवईत राख आहे. पाच मंगळवार झाले."

ती बूट घालत होती. एक पायात, एक हातात.

"तोंड धुते मी," ती म्हणाली. "दोनदा धुते."

"पुरत नाही ते. कोण गेलं?"

"गुओ."

दोन तासांपूर्वी मी त्याच्या जळक्या भातावर पोट धरून हसले होते.

"दवाखान्यातून फोन आला," ती म्हणाली. "त्याच्या फोनमध्ये माझा नंबर 'घर' म्हणून होता. सहा वर्षांत बदलायलाही जमलं नाही त्या आळशाला. मी पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं."

"अगं, मग सांगायचंस ना! रजा घ्यायचीस."

"कोणासाठी? सोडलेल्या नवऱ्यासाठी? आणि सांगितलं असतं तर उद्यापासून जेवताना काय बोलले असते मी?" तिने दुसरा बूट घातला. "पहाटे तळ्याच्या काठी जाते. कागद पेटवते आणि त्याला चार शिव्या घालते. तिकडे त्याला विचारणारं दुसरं कोणीच नाही, फांग. दोन सात राहिलेत अजून. तेवढे झाले की झालं."

बाहेर भोंगा वाजला.

"तुझं काम तू कर," ती म्हणाली. "नाव लिही. मी रागावणार नाही."

तिला दुसरी नोकरी कोण देणार? बावन्नाव्या वर्षी हात कितीही हलका असला तरी आमच्या धंद्यात नवीन माणूस विशीतलंच घेतात. मी जागेवर येऊन अहवाल पुढे ओढला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, राख. नावाचा रकाना तसाच राहिला. हवेच्या जाळीतून आली म्हणून लिहावं का? पण पुढच्या मंगळवारी राख पुन्हा आलीच असती. खरं सांगायचं तर खोटं लिहायला माझा हातही वळेना. एकोणीस वर्षांत एकाही कणाबद्दल मी खोटं लिहिलेलं नाही. आपण ती पट्टी तिच्या भुवईवर दाबलीच का, म्हणून मला स्वतःचा भयंकर राग आला. गप्प जेवले असते तर काय बिघडलं असतं?

पाचला मी थानच्या टेबलासमोर उभी राहिले.

"राख?" तो वाचून म्हणाला. "कसली?"

"सोनेरी कागदाची."

त्याने वर पाहिलं. तोही आमच्या हूबे प्रांतातल्याच खेड्यातला. भिंतीवरच्या तारखांकडे बघत बोटांवर काहीतरी मोजलं त्याने.

"कोणी आणली?"

मी खिशातली चिकटपट्टी चाचपली.

"फांगताई, नावाशिवाय हा कागद मला वर पाठवता येत नाही."

"मी आणली," दारातून आवाज आला. यिन्हुआ घरच्या कपड्यांत उभी होती, हातात पिशवी. कपाटही रिकामं करून आली होती. "हिला कशाला छळतोस? पाचवा सात होता आज. आता काय सही करायची ती सांग. मला बस गाठायचीय."

थानने खालचा खण उघडून एक छापील कागद काढला.

"हा दुखवट्याचा अर्ज," तो म्हणाला. "घरचं कोणी गेलं असेल आणि हा जोडला, तर नियम मोडला असं धरत नाहीत. सातवा होईपर्यंत पॅकिंगला बसायचं, मग परत आत. पण घरचंच माणूस हवं, मावशी. आईबाप, मुलं, नवरा किंवा बायको. बाकी कोणी चालत नाही."

यिन्हुआने पिशवी खाली ठेवली आणि पेन घेतलं. स्वतःचं नाव लिहिलं. मृताच्या रकान्यात सावकाश एकेक अक्षर काढत लिहिलं, गुओ चुनलिन. ते नाव थानला चांगलं माहीत होतं. सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

नात्याच्या रकान्यापाशी ती थांबली.

'पूर्वीचा' एवढा एक शब्द खरेपणाने लिहिला, तर तो कागद टोपलीत जाणार होता. टेबलाच्या या बाजूने अक्षरं मला उलटी दिसत होती, तरी मी एकेक रेघ वाचत होते.

तिने लिहिलं, पती.

हे नोकरीसाठी लिहिलं की खरंच? प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. जन्मात पहिल्यांदा मी तो विचारला नाही.

थानने ते दोनदा वाचलं. तारीख घातली, शिक्का उमटवला. मग तो खुर्चीतून उठून उभा राहिला, आणि तिची प्रत त्याने दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.