ओवीची दुसरी ओळ

जातं फिरं दिसभर, न्हाई जात कुण्या गावाला…

आईचा हा आवाज सरजाच्या कानात लहानपणापासून बसलेला. चारठाण्याच्या घरात पहाटे जातं घरघरायचं, आई ओवीची एवढी एकच ओळ म्हणायची आणि दुसरी दाण्यांसोबत जात्यात घालायची. समोरून खुंट्याला आईच्या सासूचा हात असायचा. "पुढं काय गं आई?" असं विचारलं, की आई म्हणायची, "पुढं पीठ."

आता पोखर्णीला, सासरी, सरजाचं तेच झालं होतं. फिरणं दिवसभर, जाणं कुठंच नाही. लेक गोदी दोन वर्षांची होऊन गेली तरी अंगावर पीत होती. चुलीपाशी, आडावर, खुरपताना, सरजाच्या पदरात तिची मूठ असायचीच. परसाकडं जायचं तरी मागं रडणं. भुजंग, तिचा नवरा, हसायचा. "गोचीड हाय गं तुझी लेक!" म्हणायचा आणि बैल सोडून शेताकडं निघायचा. त्याला निघता येत होतं.

सासूनं, कस्तुराबाईनं, लिंबाचा पाला वाटून छातीला लावायला लावला. गोदीनं तोंड वाकडं केलं, आईच्याच पदरानं लेप पुसला आणि पुन्हा प्यायला लागली.

"धन्य हाय बाई!" कस्तुराबाईनं हात जोडले. "आता एकच इलाज. माय नदरेआड झाल्याबिगर दूध तुटत न्हाई. तू जा चारठाण्याला. पोरगी इसरली की भुजंग येईल न्यायला."

गोदी झोपेत असताना सरजा मागच्या दारानं निघाली. जिंतूरच्या एसटीत बसली तेव्हा मांडी रिकामी होती. रडू यायला हवं होतं. तिनं शेंगा घेतल्या, सगळ्या एकटीनं खाल्ल्या आणि तोंड उघडं टाकून झोपली. जाग आली तेव्हा तिला स्वतःचीच भीती वाटली.

माहेरी दूध दाटलं. छाती दगडासारखी झाली, चोळी भिजू लागली. आईनं, लक्ष्मीबाईनं, फडकं करकचून बांधलं.

"दुखायलंय?"

"दुखायलंय. पर आई…"



दुपारी ती जुन्या देवळाच्या खांबाला टेकून बसायची. कुणी हाक मारत नव्हतं. मनात आलेली गोष्ट शेवटापर्यंत जात होती. अशाच एका दुपारी तिला गोदी आठवली. कोंबड्यांना दटावणारी, कमरेवर हात ठेवून "घलात जा!" म्हणणारी. सरजा एकटीच हसली. दोन वर्षं लेक इतकी चिकटून होती, की तिचं तोंड नीट दिसलंच नव्हतं. लांबून दिसलं, आणि माया दाटून आली. पण घरी जायचं मनात आलं, की पुन्हा कुणीतरी गळ्यात दावं अडकवल्यासारखं व्हायचं.

भुजंग आला तो खुशीतच. "पोरगी भाकर खायलीय. चल आता."

सरजानं गोधडी अंगावर ओढली. "मला ताप हाय," ती म्हणाली.

भुजंगनं सासूकडं पाहिलं. लक्ष्मीबाईनं लेकीच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंडगार होतं.

"लय हाय, जावईबापू," ती शांतपणे म्हणाली. "चार दिसानं या."

तो गेल्यावर लक्ष्मीबाईनं तूर काढली. गावात गिरणी झाली होती, पण डाळ अजून घरीच भरडायची. सरजा समोर बसली, आजीच्या जागेवर. जातं फिरू लागलं. आईनं पहिली ओळ म्हटली, आणि आज थांबली नाही.

जाऊ द्या गं एकडाव, येईन माघारी लेकराला…

सरजाच्या डोळ्यांत पाणी आलं. ओवीतलं लेकरू म्हणजे ती स्वतःच की!

"हितं तुझी आजी बसायची," आई म्हणाली. "तिच्या तोंडावर कसं म्हनावं?"

"मग तू गेलीस का कधी?"

आईनं मूठभर तूर जात्यात टाकली. "न्हाई."

भुजंग पुन्हा आला, तेव्हा सरजा गेली.

पोखर्णीच्या दारात गोदी आजीच्या लुगड्याआड लपली. "ही कोन गं आली?" कस्तुराबाईनं चिडवलं. गोदी नुसती बघत राहिली. सरजाला हेच तर हवं होतं, आणि तेच काळजात रुतलं. सांज झाली तशी पोर आपणहून आली. आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, चोळीला हात लावला नाही. सरजा तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली.

सकाळी जात्यावर सासू समोर होती.

"सुटलीस बघ," कस्तुराबाई खुशीत म्हणाली. "आता मोकळी झालीस. औंदा नातू होऊन जाऊ दे."

खुंट्यावरचा सरजाचा हात थांबला. जातं अडलं.

"का गं? वढ की!"

"आत्याबाई," सरजा म्हणाली. हात खुंट्यावरून निघाला नाही. "मला ताप नव्हता. यावं वाटंना, म्हनून खोटं बोलले. गोदी मला लय आवडती. पर मला मधूनमधून जायचंय. दूध तोडायला न्हाई, आजारी हाय म्हनून न्हाई. जावं वाटतं म्हनून. माघारी मी येईन. पर जाऊ द्या."