मला भक्कम म्हणू नका

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. कुणी माझं कौतुक केलं की मला लगेच डाऊट येतो.

२००३ ला ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात मला सुट्या पार्टांतून जोडला. तिथनं रिक्षात बसून मी बाळकुमला, रघुच्या घरी आलो. हार घातला, नारळ फोडला. नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं आणि स्पेसबार चिकटला. सुरुवातच अशी!

घरामागे खाडी. खारी हवा माझ्या पोटात शिरायची. पावसाळ्यात मी सकाळी नुसता पी-पी करायचो, स्क्रीन काळी. रघु कामावर गेलेला असायचा. त्याची बायको सगुणा मला उघडायची, रॅमची पट्टी काढून मुलाच्या, देवेशच्या, खोडरबरने घासायची आणि परत बसवायची. मेकॅनिकला एकदा करताना बघितलेलं, तेवढंच शिक्षण. संध्याकाळी रघुने बटण दाबलं की मी चालू. तो पाहुण्यांना सांगायचा, "एकदापण बंद पडला नाय!"

रघुची आई शेवंती धवलारीण होती, गावातल्या लग्नांत धवले गाणारी. एका दुपारी तिला माईकसमोर बसवून तिची गाणी माझ्यात भरली. पुढच्या वर्षी ती गेली. आवाज उरला फक्त माझ्याकडे. सगुणा दोनदा म्हणाली, सीडी काढून ठेवा.

"कशाला? हा काय मरतोय?" रघु म्हणाला.

मग लॅपटॉप आला. मी माळ्यावर गेलो, बारा वर्षं.

यंदा मुलीचं, जागृतीचं, लग्न ठरलं. हळदीला तिला आजीचाच आवाज हवा. मला खाली उतरवला.

"बाबा, हा डबा चालू झाला ना, तर माझं नाव बदला," देवेश हसला.

"अरे, जुना माल आहे. तुझ्या मोबाईलसारखा दोन वर्षांत लोळत नाय."

बटण दाबलं. पी-पी-पी.

रघुचा चेहरा पडला. सगुणा उठली आणि खोडरबर घेऊन आली.

"तुमचा भक्कम मशीन दर पावसाल्यात माझ्याकडनं मालिश करून घ्यायचा. तुम्हाला म्हाईतच नाय!"

मी चालू झालो. पण माझ्या हार्डडिस्कची टकटक मला ऐकू येत होती. रघुने गाणं लावायला माऊस धरला.

"हात काढा! आगोदर कॉपी, मंग आयका."

"अगं, एक तर ऐकू दे..."

"नको. मना याचा भरोसा नाय."

इतकं बरोबर मला आजवर कुणी ओळखलं नव्हतं.

पेनड्राइव्हवर कॉपी झाली. मग गाणं लावलं. दुसऱ्याच ओळीला शेवंतीचा आवाज अडकला, स्क्रीन निळी झाली. त्यानंतर मी चालू झालो नाय. खोडरबरनेपण नाय.

रघुने माझा प्लग काढला. म्हणाला, "बिचारा, थांबला आपल्यासाठी."

कसला थांबतोय! दोन मिनिटं आधीच गेलो असतो तर?

मित्रांनो, जुनं ते मजबूत असं कुणी बोललं, की आधी विचारा, त्याला घासत-पुसत कोण होतं? आणि जे परत मिळणार नाय, ते एकाच ठिकाणी ठेवू नका. माझ्याकडे तर नाहीच नाही.

देवेशने पेनड्राइव्ह खिशात टाकला. "मम्मी, आता नो टेन्शन. एकदम सेफ."

सगुणाने ड्रॉवरमधून दुसरा पेनड्राइव्ह काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"यात पन भर."