आधी मी चढणार

चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून आप्पा रिटायर झाले आणि दोन महिन्यांत त्यांनी अंथरूण धरलं. आजार म्हणाल तर काहीच नाही. "उठून करायचंय काय?" एवढंच म्हणायचे. शेवटी लेकीने हट्टाने त्यांना मानसोपचाराच्या बाईंकडे नेलं. पाच वेळा यायचं, मग हवं तर सोडायचं, असं ठरलं होतं. आज पाचवी वेळ.

आप्पा खुर्चीत बसले ते भांडायच्या तयारीनेच. "बाई, तुम्ही सारखं आयुष्याचा अर्थ, अर्थ करता. जन्मभर वर गेलो, खाली आलो. पोचलो कुठे? होतो तिथेच!"

"हजारो माणसं तुमच्यामुळे सुखरूप पोचली," बाई म्हणाल्या.

"ती दोरामुळे. उगाच मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका."

बाई चपापल्या. आयता अर्थ हातात ठेवायला गेल्या, आणि गिऱ्हाईक पक्कं निघालं. त्यांनी वही मिटली.

"चुकलंच माझं. बरं, दुरुस्ती झाली की काय करायचात?"

"काय म्हणजे? वजनाची पोती टाकून चाचणी. मग मी चढायचो, एकटा. तळापासून पार वर, परत खाली. त्याआधी कुणाला पाऊल ठेवू द्यायचो नाही. साहेबालाही नाही."

"कंपनीचा नियम?"

"कंपनीचं पोत्यांवर भागायचं. नियम माझा."

"भीती नाही वाटली कधी?"

"कधी? दर खेपेला!"

"मग कशाला चढायचात?"

आप्पा भडकले. "कशाला म्हणजे? उद्या त्यात कुणाची आई बसणार, कडेवर पोर घेऊन! तिला पुढे धाडून मी मागे राहू? अहो, माणूस आहे की कोण आहे मी?"

आवाज पार खोलीबाहेर गेला. आप्पा स्वतःच चमकले. हे आपण बोललो? इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं म्हणा. त्यांची छाती भरून आली, आणि खोटं कशाला बोला, त्यांना स्वतःचा भारी अभिमान वाटला.

बाहेर लेक जीव मुठीत धरून बसली होती. "आप्पा, ओरडत होतात? काय म्हणाल्या बाई?"

"त्या काय म्हणणार? बोलत मी होतो." आप्पांनी चष्मा खिशात टाकला. "नव्या मेकॅनिकांना शिकवायला कंपनी बोलावत होती ना? उद्या जातो. पोत्यांवर भरवसा टाकून मोकळे होतात लेकाचे."

लेक ताडकन उठली. "उद्या? मग सहाला उठवू तुम्हाला?"

"काही नको. तू झोप," आप्पा म्हणाले. "माझा मी उठेन."