पेला हलवला की पुरे

मी एक जुना फिंजान आहे. फिंजान म्हणजे कॉफीचा बिनकानाचा इवलासा पेला. माझ्या काठावरची हिरवी रेघ आता अर्धी पुसली आहे. मित्रांनो, आमच्या कुवेतमध्ये पाहुणा पेला हलवून दाखवेपर्यंत त्यात कॉफी ओतत राहायची रीत आहे. हलवला की पुरे! तोंडाने 'नको' म्हणावे लागत नाही.

मी आमचे घरधनी बू धारी यांच्या बैठकीतला, खास त्यांच्या हातातला. त्यांचे वजन तेव्हा एकशे पंचेचाळीस किलो होते. गुडघे वाकत नसत, म्हणून ते खुर्चीवर बसून नमाज पढत. कपाळ जमिनीला टेकत नाही, याचे त्यांना फार वाईट वाटे. शेवटी त्यांनी पोट लहान करण्याचे ऑपरेशन करून घेतले. घरी येताच मला उंच धरून म्हणाले, "बघा रे, आता माझं पोट एवढंच!" सगळे हसले. मी मात्र अभिमानाने फुगलो. वर्षभरात साठ किलो उतरले. खुर्ची अडगळीत गेली आणि बू धारींचे कपाळ जमिनीला टेकले. त्या दिवशी ते लहान मुलासारखे रडले.

मग पाहुणे वाढले. पाहुण्याला एकट्याने प्यायला लावणे यजमानाला शोभत नाही. म्हणून प्रत्येकाबरोबर मी भरला जाई आणि प्रत्येक घोटामागे एक खजूर जाई. जेवायला बसले की चार घासांत त्यांचा हात थांबे. लोक वाहवा करत. मऊ खजूर मात्र त्या लहान पोटातूनही सहज उतरत. पुढच्या सात वर्षांत, उतरलेले वजन बहुतेक परत आले, आणि पाठोपाठ खुर्चीही.

बू धारी दुसरे ऑपरेशन मागायला गेले. डॉक्टरांनी पंधरा दिवसांचे खाणे लिहून आणायला सांगितले.

"खजूर लिहिलेत का?" त्यांच्या बायकोने, मुनीराने विचारले.

"अगं, खजूर काय जेवण आहे? ते कॉफीबरोबरचं!"

तपासणीत पोट लहानच निघाले. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा कापण्यासारखं इथं काही दिसत नाही. कागदावर नाही ते काय खाता? तीन महिने ते सोडा, मग या."

दुसऱ्या दिवशी मुनीराने आदल्या संध्याकाळच्या खजुरांच्या बिया त्यांच्यापुढे ठेवल्या. तेवीस होत्या.

त्या संध्याकाळी त्यांनी एकच घोट घेतला, खजुराला हात लावला नाही आणि आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःच्या बैठकीत हलवले. मला केवढा आनंद झाला! पण त्यांचा जुना मित्र हमूद ओरडला, "काय रे, घरधनीच पेला हलवतो? आम्ही उठायचं की काय?"

बैठक खो खो हसली. बू धारीही ओशाळून हसले. हमूदने मला पुन्हा भरले आणि खजुराची थाळी पुढे सरकवली. बू धारींनी एक उचलला. मग दुसरा. नमाजाची वेळ झाली तेव्हा सगळे चटईवर उभे राहिले. बू धारींनी खुर्ची ओढली.

मित्रांनो, माझ्या पोटी काही राहत नाही, पण ही खंत राहिली आहे. मला आपणहून हलता येत नाही. कोणी मोठ्या मुश्किलीने पेला हलवला, तर हसू नका. त्याच्या हातातून तो घ्या आणि गुपचूप पालथा घाला.