आकडे परत घाल

मी एक जुना कॅमशाफ्ट आहे. कॅमशाफ्ट म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर वाईट वाटून घेऊ नका मित्रांनो. ज्यांच्या गाडीत आम्ही असतो, त्यांनाही बहुधा ठाऊक नसतं. हातभर लांबीचा पोलादी दांडा, अंगावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे, हे माझं रूप. मी फिरलो की उंचवटे इंजिनाच्या झडपा उघडतात. एक झडप हवा-पेट्रोल आत घेते, दुसरी धूर बाहेर सोडते. थोडक्यात, मी दारवान. फक्त मिनिटाला शेकडो वेळा दार उघडायचं, आणि कुणी साधं ‘काय, बरं आहे ना?’ म्हणत नाही.

माझा जन्म गाडीच्या कंपनीत झाला नाही. एका लहानशा कारखान्यात मला मुद्दाम जास्त उंच उंचवटे देऊन घडवलं. कंपनीचा मूळ कॅमशाफ्ट सज्जन होता, मी जरा आडदांड. मी दारं जास्त वेळ उघडी ठेवतो. त्यामुळे वेगात इंजिन छाती भरून श्वास घेतं, पण सावकाशीत धापा टाकतं. या धापांच्या आवाजासाठीच लोक मला विकत घेतात. माणसाला धाप लागली की दवाखाना, गाडीला लागली की टाळ्या.

मला आणलं एका वायरमनने. सतत काहीतरी उघडून बसायची सवय म्हणून त्याला सगळे खटपट्या म्हणत. गाडी त्याची आणि त्याच्या थोरल्या बहिणीची, दोघांत एकच. ताई घरापुढच्या उताराच्या तळाशी असलेल्या तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. मला बसवून गाडी पहिल्यांदा सुरू केली, तेव्हा ती दारात आली.

“अरे, ही गाडी आहे की दम्याचा पेशंट?”

“ताई, हाच तर आवाज!”

“मग तिला वाफारा दे आधी.”

गाडी सुधारली ती डॉक्टरांनी. डॉक्टर म्हणजे गॅरेजवाले. इंजिनाला स्टेथोस्कोप लावून ऐकायचे, म्हणून हे नाव. त्यांनी खटपट्याला समजावलं ते तुम्हालाही सांगतो. उतारावर एक्सलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिनाला फिरवतात. तेव्हा पेट्रोल कशाला जाळायचं? म्हणून गाडीचा कॉम्प्युटर ते तोडतो. पण इंजिनाचे फेरे कमी होत गेले की ते वेळेत पुन्हा सोडावं लागतं, नाहीतर इंजिन मरतं.

“कंपनीच्या आकड्यानुसार पेट्रोल मिनिटाला बाराशे फेऱ्यांवर सुरू होतं,” डॉक्टर म्हणाले. “त्या सज्जनाला तेवढं पुरायचं. या बोक्याला सावकाशीत दम नाही. याला दोन हजारांवरच द्यायला हवं.”

बोका म्हणजे मी. आठवडाभर ते उतारावरून वर-खाली करत होते, आकडा बदलत होते, ऐकत होते. शेवटी गाडी लोण्यासारखी उतरू लागली. ताई म्हणाली, “डॉक्टर, पेशंट बरा झाला हो.” माझ्या आयुष्यातलं हे एकमेव कौतुक, आणि तेही डॉक्टरांच्या नावावर गेलं.

दोन वर्षं सुखात गेली. मग एका रविवारी खटपट्याचे हात शिवशिवले. त्याने गाडीला लॅपटॉप जोडला. गाडीचा पंखा थोडा लवकर सुरू व्हावा, एवढीच त्याची इच्छा. नवे आकडे गाडीच्या कॉम्प्युटरवर चढत असताना वायर निसटली. पडद्यावर लाल अक्षरं आली: पेट्रोल तोडण्याचं पान अपूर्ण. त्याने डॉक्टरांना फोन लावला. तिकडे कॉम्प्रेसर धडधडत होता.

“काही घाबरू नकोस!” डॉक्टर ओरडले. “त्या पानाचे आकडे परत घाल!” आणि फोन ठेवला.

लॅपटॉपवर दोन फाइली होत्या. एक ‘कंपनी’, एक ‘डॉक्टर’. डॉक्टरांना म्हणायचं होतं, अर्धवट राहिलं ते पुन्हा एकदा घाल. खटपट्याने त्याचा अर्थ लावला, मूळचे होते ते माघारी आण. त्याने ‘कंपनी’ निवडली. मग सपाट गल्लीत एक चक्कर मारली. गाडी छान धापा टाकत होती.

सोमवारी सकाळी ताई निघाली. उतार लागला, तिने पाय काढला, पेट्रोल तुटलं. हे रोजचंच होतं. फेरे दोन हजारांवर आले. मी वाट पाहिली. काही आलं नाही. वळणाआधी तिने क्लच दाबला, चाकांनी इंजिन फिरवणं थांबलं आणि फेरे खड्ड्यात पडल्यासारखे कोसळले. बाराशेवर पेट्रोल आलं, इमानेइतबारे, आकड्यात सांगितलं होतं तसं. मला त्याचा उपयोग नव्हता. इंजिन मेलं.

बंद गाडीचं स्टिअरिंग जड होतं. ब्रेक एकदा नीट लागला. बंद इंजिनाची मदत तेवढ्यात संपली; दुसऱ्यांदा दाबला तेव्हा तिच्या पायाखाली ब्रेकचा दगड झाला होता. ती उभीच राहिली त्या ब्रेकवर. पुढे भिंत होती.

तिचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

तपासनीसाने कागदावर लिहिलं: गाडीत बिघाड आढळला नाही. खरंच होतं ते. आम्हा सगळ्या भागांना जे सांगितलं, तेच आम्ही केलं होतं.

गाडी भंगारात निघाली, तेव्हा खटपट्याने मला काढून घेतलं. टॉवेलात गुंडाळून, तान्हं मूल न्यावं तसं ताईच्या खोलीत नेलं. रिकाम्या हाताने त्याला बोलायला सुरुवात करता येत नव्हती.

“हे काय, लाटणं?” ताईने विचारलं.

“कॅमशाफ्ट. आपल्या गाडीचा.”

“बरं. म्हणजे यानं खाल्ला माझा पाय.”

“यानं नाही, ताई.” आणि त्याने सगळं सांगितलं. लाल अक्षरं, फोन, दोन फाइली.

 ताई म्हणाली, “दोन अर्थ होतात, हे तुला तेव्हा कळलंच नाही?”

खटपट्या माझ्याकडे बघत बोलला. “कळलं होतं. पुन्हा फोन करावा असं वाटलं. पण ते म्हणाले असते, एवढी वर्षं करतोयस आणि एवढंही कळत नाही?”

“लाज वाटली तुला.”

“हो.”

“फोनला किती वेळ लागला असता?”

“अर्धं मिनिट.”

ताईने पांघरुणाकडे पाहिलं. एका बाजूला ते सपाट होतं. “मला भिंतीकडे वळव,” ती म्हणाली. त्याने वळवलं. त्या दिवशी ती त्याच्याशी आणखी काही बोलली नाही. नंतरही फारसं नाही.

मित्रांनो, माझ्यावर तेल घाला, धूळ पुसा, असं काही मी मागणार नाही. सांगितलेल्याचे दोन अर्थ दिसले, तर खुशाल लाजा, कान लाल होऊ द्या, पण विचारा. त्या उतारावर मला सगळं कळत होतं, पण मी पोलाद. मला बोलता येत नव्हतं.

तुम्हाला येतं.