आवडतं म्हणून

आलिमाबी पाइप ओढतात हे इंदिरानगरातल्या त्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. का ओढतात, हे मात्र सगळ्यांना चुकीचं ठाऊक होतं, आणि ते चुकीचं त्यांच्याच मुलानं, फराजनं, पसरवलं होतं.

त्याचं असं झालं. आलिमाबींचे यजमान सलाउद्दीन ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला होते. तिथल्या कुणा परदेशी जाऊन आलेल्या साहेबाची पाइप ओढायची ऐट त्यांच्या मनात भरली आणि पुढे जन्मभर पुरली. निवृत्त झाल्यावर संध्याकाळी गॅलरीत बसून एक पाइप, हा त्यांचा नेम. मग हातांना कंप सुटला. कपातला चहा बशीत सांडायचा, तिथे पाइप काय भरला जाणार?

"आलिमा, तू भरशील?" त्यांनी एक दिवस विचारलं. विचारताना माणूस इतका ओशाळला होता की आलिमाबींच्या तोंडून 'नाही' निघालं नाही.

पाइप भरणं म्हणजे काही चिलमीत चिमूट कोंबणं नव्हे. तंबाखू बोटांनी मोकळी करायची, तळाला सैल टाकायची, वर येताना जराशी दाबत जायची. पहिली काडी लावली की ती फुगून वर येते. तिला हलक्या हातानं खाली बसवायची आणि दुसरी काडी लावायची. एवढं करूनही दोन-चार झुरके घेतल्याशिवाय निखारा धरत नाही. ते झुरके आलिमाबींनाच घ्यावे लागत. सुरुवातीला डोळ्यांतून पाणी यायचं, ठसका लागायचा, आणि त्या 'तौबा तौबा' म्हणत पाइप नवऱ्याच्या हातात द्यायच्या. धूर छातीत न्यायचा नसतो, तोंडातच घोळवून सोडून द्यायचा असतो, हे सलाउद्दीननी शिकवलं तेव्हा ठसका गेला. मग एका संध्याकाळी निखारा कधीचा धरला होता, तरी पाइप काही आलिमाबींच्या हातून सुटेना. सलाउद्दीन बघत होते. दुसऱ्या दिवशी कपाट धुंडाळून एक छोटा, सरळ दांड्याचा पाइप काढला, पुसला आणि बायकोपुढे ठेवला.

"हा तुझा," ते म्हणाले. "माझा मला लवकर मिळत जाईल."

तेव्हापासून दार लोटून दोघं गॅलरीत बसत. आवडी मात्र दोघांच्या दोन टोकांना. सलाउद्दीनना व्हॅनिला, चेरी असले गोड वास घातलेली तंबाखू लागायची. आलिमाबी नाक मुरडायच्या, "तंबाखूला अत्तर कशाला चोळायचं?" एकदा लंडनच्या भाच्यानं इंग्लिश मिक्श्चरचा चपटा डबा पाठवला. त्यात वरून घातलेलं काही नव्हतं, पान तेवढं पान. सलाउद्दीननी एक झुरका घेतला आणि तोंड वाकडं केलं, "चुलीतलं लाकूड चघळल्यासारखं लागतंय." तो डबा आलिमाबींनी संपवला. पुढचे डबेही त्यांनीच.

सलाउद्दीन गेले. इद्दतीचे, विधवेनं घरात काढायचे, चार महिने दहा दिवस संपले. आणि एके दिवशी आलिमाबी चांगल्या उजेडात, दार न लोटता, आपला पाइप पेटवून गॅलरीत बसल्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या आशाताईंनी पाहिलं आणि जिन्यात फराजला गाठलं. फराज बिचारा सरळ माणूस. त्याला घाम फुटला आणि तोंडाला आलं ते बोलून गेला, "अब्बांची आठवण म्हणून करते ती. त्यांचा नेम चालवते."

आशाताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आठवड्यात सगळ्या सोसायटीला कळलं. समाधीपुढे दिवा लावणाऱ्या बाईकडे बघावं तसे लोक आलिमाबींकडे बघू लागले. आलिमाबींना यातलं काहीच माहीत नव्हतं. एक दिवस आशाताई वाटीभर तिळाची चटणी घेऊन आल्या आणि हात धरून म्हणाल्या, "काकू, असं प्रेम आजकाल कुठे बघायला मिळतं हो?" तेव्हा त्यांना उलगडा झाला. त्या दिवशी त्यांनी वाटी ठेवून घेतली. पण चटणी घशाखाली उतरेना. दुसऱ्याच्या नावावर आलेलं पार्सल आपण सही करून घेतल्यासारखं त्यांना वाटत राहिलं.

पुढे एका रविवारी धनराज बोरस्त्यांचा फोन आला. धनराज सलाउद्दीनचे कारखान्यातले दोस्त. सायखेड्याला नदीकाठी त्यांचा मळा. त्यांनाही पाइपाचा शौक होता आणि तसलेच चार शौकीन महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्या ओसरीवर जमायचे. "मुलीनं इंग्लंडहून एक जुना मुरलेला डबा आणलाय वहिनी," ते म्हणाले, "सलाउद्दीनच्या नावानं उघडायचाय. तुम्ही यायलाच हवं."

फराजनं गाडी काढली. मळ्यात पोचल्यावर धनराजांच्या बायकोनं, रोशनीताईंनी, दारातच सांगितलं, "भाभी, तुम्ही आत या, पुरुषांचं चालू दे बाहेर." आलिमाबी म्हणाल्या, "येते ना, नंतर येते." आणि ओसरीवरची एक मोकळी खुर्ची ओढून बसल्या. पर्समधून त्यांनी आपला छोटा पाइप काढला. कुणाचा तरी खोकला मध्येच थांबला.

धनराज मोठ्या मनाचे. त्यांनी डबा आधी वहिनींपुढे धरला. झाकण निघालं तसा आलिमाबींनी श्वास ओढून घेतला. डब्यात काळी, तपकिरी आणि मधाच्या रंगाची पानं एकमेकांत मिसळून बसली होती. वास आधी धुराचा, मग चामड्याचा, आणि त्याच्या खाली कुठेतरी मनुकांच्या बरणीचा. त्यांनी पाइप भरला, पेटवला, दाबला, पुन्हा पेटवला. घाई केली नाही. इंग्लिश मिक्श्चरला घाई चालत नाही. भसाभसा ओढलं की जीभ पोळते.

"काय म्हणता वहिनी?" धनराजांनी विचारलं.

आलिमाबींनी धूर तोंडात घोळवला. येवल्याला त्यांचे वडील रेशीम रंगवायचे. भट्टीवर रंगाचं पातेलं, खाली बाभळीचं सरपण, वर दोरीवर ओल्या लडी. ओल्या रेशमाला एक आंबूस वास असतो. तो इथे होता. धूर पुढे होता, पण तो एकटा नव्हता. त्याच्या मागे हा आंबूसपणा होता, आणि धूर सोडल्यावर जिभेच्या टोकाला उसाच्या काकवीसारखं काहीतरी रेंगाळत होतं.

"धुरावर वाळवलेलं पान जरा जास्तच आहे," त्या म्हणाल्या. "पण तुर्की पानानं त्याला आवरलंय. लिंबू पिळल्यावर आमटी जागेवर येते तसं. आणि गोडी स्वतःची आहे, वरून घातलेली नाही. अर्ध्या पाइपानंतर बघा, आणखी गोड होईल."

"मला तर नुसता धूरच लागतोय," एकजण म्हणाला.

"हळू ओढा."

त्यानं हळू ओढलं. "नाही बुवा," तो म्हणाला, "धूरच." सगळे हसले, आलिमाबीही हसल्या. ज्याची त्याची जीभ.

तेवढ्यात धनराज डब्याकडे बघत म्हणाले, "आज सलाउद्दीन असता ना, तर अगदी हेच म्हणाला असता."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. आलिमाबींनीही घातली असती तर दिवस गोडीगुलाबीत पार पडला असता.

"नसते म्हणाले," त्या म्हणाल्या. "त्यांना ही तंबाखू मुळीच आवडायची नाही. चुलीतलं लाकूड म्हणायचे."

फराज खुर्चीत सरसावला. "अम्मी, म्हणजे... तू अब्बांच्या आठवणीसाठीच ना..."

"नाही रे बाळा. त्यांची आठवण मला पाइपाशिवायही येते. सकाळी येते, भाजी निवडताना येते. पाइप मी ओढते तो मला आवडतो म्हणून."

धनराज आपल्या पाइपात उगीच काडी फिरवत राहिले. परत येताना गाडीत फराजला राहवलं नाही.

"लोकांनी समजून घेतलं होतं, अम्मी. चाललं होतं ना सगळं? तुला काय अडचण होती?"

"समजून नव्हतं घेतलं. माफ केलं होतं," आलिमाबी म्हणाल्या. "मी माफी कधी मागितली होती?"

"तब्येतीचं तरी बघ."

"त्याबद्दल बोल, ते मी ऐकीन. डॉक्टर बोलले तेही ऐकलं; रोजचा पाइप होता, आता आठवड्यातून एक असतो. पण तुला तब्येतीची लाज वाटत नाहीये, फराज. तुला माझी वाटतेय."

द्वारका चौकातल्या गर्दीत फराजनं उगाचच हॉर्न दाबला.

खरी परीक्षा पुढे होती. सलाउद्दीनची थोरली बहीण अनवरी येवल्याला राहायची. नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला ती एसटीनं नाशिकला आली. अनवरीआपा म्हणजे खानदानाचं कोर्ट. तिनं निकाल दिला की अपील नाही. जेवणं झाली आणि आपांनी पानाचा डबा बाजूला सरकवला.

"आलिमा, येवल्यापोतर आलं हाय तुझं. पाइप वढती म्हणं?"

सून आफिया ताटं उचलत होती, ती जागच्या जागी थांबली. फराज घाईघाईनं म्हणाला, "फूफी, ते अब्बांच्या आठवणीसाठी..."

अनवरीआपांचा चेहरा विरघळला. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "माझ्या भावाची याद! मला वाटलंच. लय जीव व्हता तुझा त्याच्यावर. मंग राहू दे बाई. मी सांगीन सगळ्यांला."

एवढं ऐकून घेतलं असतं तर भागलं असतं. फराज डोळ्यांनी विनवत होता. आलिमाबींना त्याची दया आली. पण त्यांना सलाउद्दीनही आठवले, बायकोपुढे पाइप ठेवताना 'हा तुझा' म्हणणारे. त्या माणसानं मोकळेपणानं दिलेली गोष्ट त्याच्याच कफनाखाली लपवायची?

"आपा, खोटं सांगू नका कुणाला," त्या म्हणाल्या. "याद वेगळी. हा माझा शौक आहे."

"शौक?" आपांचा पदर खाली आला. "बाईमाणसाला? बेवा बाईला?"

"तुम्ही सकाळी मिशरी लावली, आपा. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच ती."

"ती दातांसाठी!"

"तुमचे दात पडून जमाना झाला."

आफियाच्या हातातल्या ताटात चमचा वाजला. ती हसू दाबत स्वयंपाकघरात पळाली. अनवरीआपा लालबुंद झाल्या. "आसं? मंग ऐक. नातीच्या मेंदीला पहिलं बोट तुझं ठरलं व्हतं. घरातली मोठी भावजय म्हणून. आता सगळ्या बायांसमोर बोल, की केलं ते भावाच्या दुःखात केलं आन् सोडलं. नायतर मेंदीला हात लावायचा नाय."

आलिमाबींना ते लागलं. ती पोर त्यांच्या मांडीवर खेळलेली. पहिलं बोट लावायचं म्हणून त्यांनी हिरव्या बांगड्या आणून ठेवल्या होत्या. पण मान खाली गेली नाही.

"मेंदी दुसऱ्या कुणाच्या हातानं लावा, आपा. बोट माझंच लागावं म्हणून मी माझा शब्द बदलणार नाही."

आपा दुपारच्याच गाडीनं परत गेल्या. फराज दोन दिवस आईशी जेवढ्यास तेवढं बोलला. लग्नाचा दिवस जवळ आला तेव्हा म्हणाला, "कशाला जायचं? अपमान करून घ्यायला?"

"मेंदी लावायला मनाई आहे. जायला कुठे आहे? पत्रिका आपांनी स्वतःच्या हातानं दिलीय," आलिमाबी म्हणाल्या आणि हिरव्या बांगड्या चढवल्या. "तू नको येऊस. मी एसटीनं जाईन."

"अम्मी, मी येते," आफिया आतून म्हणाली.

येवल्याला मांडवात बायकांची झुंबड होती. आलिमाबी सलाम करत सरळ पुढे गेल्या आणि नवरीच्या समोरच्या सतरंजीवर बसल्या. अनवरीआपांनी बघून न बघितल्यासारखं केलं. पहिलं बोट नवरीच्या चुलत आजीनं लावलं. लावताना तिचा हात अडखळला आणि तिनं आलिमाबींकडे पाहिलं. आलिमाबींनी मान हलवून 'लाव' म्हटलं. त्यांनी दुआ दिली, गाणी म्हटली, टाळ्या वाजवल्या.

मेंदी वाळेपर्यंत बायकांना काम नव्हतं. शेजारी बसलेल्या, घरात हातमाग चालवणाऱ्या एका पन्नाशीच्या बाईनं हळूच विचारलं, "भाभी, ते खरं आहे का? पाइपाचं?"

"खरं आहे."

"भाईजानच्या आठवणीसाठी, असं कुणीतरी म्हणत होतं."

"नाही. मला आवडतं म्हणून."

आजूबाजूच्या दोन-तीन माना वळल्या. एक बाई उठून लांब जाऊन बसली. दुसरीनं 'अल्ला!' म्हणत तोंडावर हात ठेवला, पण जागची हलली नाही. विचारणारी मात्र गुडघ्यावर हात टेकून आणखी जवळ सरकली. चोरटेपणानं नव्हे, नवी साडी हातात घेऊन बघावी तशा कुतूहलानं तिनं विचारलं, "लागतं कसं हो?"

पलीकडे अनवरीआपा ढोलकीवालीला जोरात वाजव म्हणून सांगत होत्या. ढोलकी दणाणू लागली. आलिमाबींनी आवाज चढवला, म्हणजे दोन ओळी मागे बसलेल्यांनाही ऐकू जावं.

"आधी धूर लागतो," त्या म्हणाल्या. "तिथेच पुष्कळजण सोडून देतात. सोडायचं नाही..."