पाटीत मावरं नसताना

नमितानं शाईचा पॅड उघडला, संमतीचा कागद गुडघ्यावर पसरला आणि अंगठ्यासाठी रिकामी ठेवलेली चौकट चांगुणाबायला दाखवली. दिवाळे गावातल्या त्या कोळ्याघरच्या ओटीवर मासळीच्या पाट्या पालथ्या पडल्या होत्या. होडी यायला अजून वेळ होता. चांगुणाबायनं कागदाकडे पाहिलं, नमिताकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतला.

आता आली का पंचाईत! संध्याकाळी सहाच्या आत या अंगठ्याचा फोटो जर्मनीला पोचायला हवा होता. अंगठा नाही तर महोत्सव नाही, आणि महोत्सव नाही तर आवाज टिपून रंगमंचावर ऐकवण्याचा हा नाद कायमचा सोडायचा, असं नमिता स्वतःशी ठरवूनच आली होती. पंधरा वर्षं तिनं लोकांना काय काय ऐकवलं होतं. लिफ्टच्या तारा, खाडीतला चिखल, बर्फाच्या लादीवर बसून स्वतःच्याच दातांची कडकड. कामोठ्याच्या हॉलमध्ये तेवीस माणसं आली होती, त्यातली सहा जणं खुर्च्या उचलायला थांबलेली. नवरा बिचारा काही बोलत नसे, पण नातेवाइकांना 'ती घरीच असते' म्हणून सांगायचा. आणि आता, त्रेचाळिसाव्या वर्षी, पहिलं बोलावणं आलं होतं, तेही दोन वर्षांपूर्वी टिपून ठेवलेल्या चांगुणाबायच्या हाकेमुळे. 'मावरं घ्या गोऽ' एवढीशी ती मासळीची हाक नमितानं ताणून अकरा मिनिटांची केली होती. ती वाजत राहणार आणि अंधाऱ्या रंगमंचावर नमिता रिकामी पाटी डोक्यावर घेऊन उभी राहणार.

हे सगळं तिनं चांगुणाबायच्या सुनेला, शर्मिलाला, समजावून सांगितलं. गळ्याच्या ऑपरेशननंतर चार महिने चांगुणाबायच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. म्हातारीनं ऐकून घेतलं, एक पाटी सुलटी केली, आत हात फिरवून दाखवला, मग ओठांवर बोट ठेवून मान हलवली.

"आय बोलते, पाटीत मावरं नसताना हाक मारायची नाय," शर्मिला म्हणाली. "लोकं जिना उतरून येतात. त्यांना फसवायचं काय?"

"पण तिथं कोणी मासे घ्यायला येणारच नाही, शर्मिला."

"मंग हाक कशाला?"

नमिताला हसावं की रडावं कळेना. पंधरा वर्षांत एकाही समीक्षकानं तिला इतकं नेमकं विचारलं नव्हतं.

मग शर्मिलानं आपलं गाऱ्हाणं काढलं. बेलापूरच्या सेक्टरांत आता तीच पाटी फिरवत होती, पण तिचा आवाज कोणी ओळखत नव्हतं. बॅटरीचा भोंगा आणला, त्यात स्वतःची हाक भरली, तरी एक खिडकी उघडेल तर शपथ.

"ताई, आयची हाक तुमच्याकडंच हाय," ती म्हणाली. "ती आमाला द्या."

चांगुणाबाय नमिताच्या तोंडाकडे बघत होती. नमिताच्या अंगठ्याला पॅडची शाई लागली होती. तोच उठवला असता तर कोणाच्या बापाला कळणार होतं? तिला भयंकर राग आला. म्हातारीचा, शर्मिलाचा, सगळ्यात जास्त स्वतःचा. तिनं पॅड मिटला, फोन काढला आणि न ताणलेली, मूळची हाक भोंग्यात भरून दिली.

पाचला होडी आली. पाटी भरली. नमिताही त्यांच्याबरोबर निघाली. का, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. अंगठ्याविना कागद पिशवीत होता आणि सहाला अजून वीस मिनिटं होती. एका जुन्या इमारतीखाली शर्मिलानं भोंग्याची कळ दाबली. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"अगं चांगुणाबाय! बरी झालीस होय?"

चांगुणाबायनं वर पाहिलं. सवयीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि स्वतःच पुढे होऊन कळ दाबली. हाक पुन्हा निघाली. पिशव्या घेऊन बायका खाली उतरू लागल्या. कोणाला कोळंबी हवी, कोणाला बोंबील, बघता बघता पाटीभोवती ही गर्दी. नमिता मध्येच उभी होती.

मागून एका बाईनं तिच्या खांद्याला हात लावला. "तुम्ही लाइनीत आहात का?"

"नाही," नमिता म्हणाली आणि बाजूला झाली. सहा वाजून गेले होते.